कोल्हापूरची अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा

कोल्हापूर शहराचं अग्निशमन दल हा महानगरपालिकेचा एक विभाग आहे. आग विझवणं हे त्याचं पहिलं काम, पण पुरात अडकलेली माणसं काढणं, रस्त्यावर पडलेलं झाड कापणं, विहिरीत पडलेलं जनावर वर घेणं, रस्त्यावर सांडलेलं ऑईल धुणं हे सगळं पण याच जवानांकडे येतं. अख्ख्या जिल्ह्याचं मिळून एकच दल असं मात्र काही नाही. ७४व्या घटनादुरुस्तीनं (१९९२) जी १२वी अनुसूची आली तिच्यात अग्निशमन हे नगरपालिकांचं काम म्हणून दिलंय, त्यामुळे ज्याची हद्द त्याचा बंब. इचलकरंजी महापालिकेचं दल वेगळं, उजळाईवाडी विमानतळाचं वेगळं, एमआयडीसीची व्यवस्था वेगळी, साखर कारखान्यांचे बंब वेगळे. ग्रामपंचायतीकडे बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. उसाचा फड पेटला की लोक जवळच्या नगरपालिकेला नाहीतर कारखान्याला फोन लावतात आणि बंब येईपर्यंत पाण्यानं आणि ओल्या फांद्यांनी आग झोडपत राहतात, त्यात वारं असेल तर एवढ्यात शेजारच्याचाही ऊस गेलेला असतो. एवढ्या उसाच्या जिल्ह्यात ही उणीव मोठी आहे आणि तिच्यावर हवं तेवढं कुणी बोलत नाही.

शहरात मुख्य केंद्राशिवाय फुलेवाडी, प्रतिभानगर, टिंबर मार्केट अशी केंद्रं आहेत. वर मुख्य अग्निशमन अधिकारी, खाली स्थानक अधिकारी, मग तांडेल (फायरमनच्या तुकडीचा म्होरक्या), चालक आणि फायरमन, काम शिफ्टमध्ये. राज्य पातळीवर महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय आहे, ते प्रशिक्षण आणि नियमांचं बघतं, रोजचा कारभार महापालिकेचाच.

कॉल आला की कंट्रोल रूमवाला आधी विचारतो कुठं आणि काय पेटलंय, कारण त्यावरच ठरतं कुठली गाडी काढायची. घरात किंवा दुकानात असेल तर वॉटर टेंडर म्हणजे पाण्याचा बंब, तेल नाहीतर केमिकल असेल तर फोम म्हणजे फेस मारणारी गाडी. वीज असेल तर महावितरणला सांगून आधी लाईन बंद, मगच पाणी. महाद्वार रोड, गुजरी, जुन्या पेठांच्या बोळात मोठी गाडी आत जातच नाही, मग तोंडाशी गाडी उभी करून होजला होज जोडत आत न्यायचा. धुरात जायचं तर पाठीवर हवेचा सिलेंडर, त्याला बीए सेट म्हणतात. हवा संपत आली की त्याची शिट्टी वाजायला लागते आणि ती वाजली की हातातलं काम टाकून बाहेर पडायचं, मागं वळायचं नाही.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, वेगळाच धोका आहे. वितळलेल्या लोखंडावर पाणी पडलं तर त्याची क्षणात वाफ होते आणि तापलेला धातू स्फोटासारखा उडतो, म्हणून तिथं कोरडी वाळू लागते. इचलकरंजीत सुताच्या गाठी (गच्च दाबून बांधलेले गठ्ठे) पेटल्या की वरून विझल्यासारख्या दिसतात पण आत धुमसत राहतात. एक एक गाठ ओढून, फोडून भिजवल्याशिवाय ती आग संपत नाही आणि या कामात जवान पार गळून जातात.

शहराच्या सगळ्यात जास्त जिव्हारी लागलेली आग ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीची. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेलं केशवराव भोसले नाट्यगृह त्या रात्री पेटलं, दुसऱ्याच दिवशी गायक नट केशवरावांची जयंती होती. छत आणि रंगमंच जळून गेला. जुन्या नाट्यगृहात लाकूड, पडदे, खुर्च्या सगळंच पेट घेणारं, आणि अशी आग एकदा छताला लागली की वरचं कधी खाली येईल सांगता येत नाही, म्हणून बरंचसं पाणी बाहेरूनच मारावं लागतं.

पण कोल्हापुरात या दलाची खरी परीक्षा पावसाळ्यात असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे कित्येक दिवस बंद पडला. २०२१ च्या जुलैमध्ये परत तेच. सुतारवाड्यात पाणी लवकर शिरतं, मग शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळी. गल्लीत रबरी बोट चालवणं नदीपेक्षा अवघड, पाण्याखाली गाड्या, गेटचे भाले, लोंबकळणाऱ्या केबल असतात, म्हणून बऱ्याचदा मोटर बंद करून भिंतीला धरत बोट पुढं सरकवतात. म्हातारी माणसं घर सोडायला तयार नसतात, त्यांची समजूत काढण्यातही वेळ जातो आणि तेही या ड्युटीतच धरायचं. एवढा मोठा पूर एकट्या दलाला झेपत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यांच्यामार्फत मागणी गेली की एनडीआरएफच्या (केंद्राच्या आपत्ती बचाव दलाच्या) तुकड्या येतात, सोबत व्हाईट आर्मी या बचावकार्य करणाऱ्या संस्थेचे स्वयंसेवक आणि तालमींची पोरं उतरतात. तालमींची ही पोरं गल्लीतलं कुणाच्या घरी कोण आजारी, कुठल्या माळ्यावर कोण अडकलंय हे नेमकं सांगतात, ही मदत कुठलंच यंत्र करू शकणार नाही.

सणात बंदोबस्त असतोच, गणपती विसर्जनाला पंचगंगा घाट आणि इराणी खणीवर जवान उभे असतात.

कमी दिसणारं पण जास्त महत्त्वाचं काम म्हणजे आग लागूच नये म्हणून बघणं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे मोठ्या इमारती, हॉस्पिटल, मंगल कार्यालयं, मॉल अशा ठिकाणची आग विझवायची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा तिथं राहणाऱ्याची आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. कागद वेळेवर जातो पण जिन्यात खोकी रचलेली आणि पंपाचा स्विच बंद, असं असेल तर त्या कागदाचा काडीचा उपयोग नाही. सोसायटीच्या मीटिंगला हा विषय शेवटी घेतात, तो पहिला घ्यायला पाहिजे.

आगीसाठी १०१, कुठल्याही आणीबाणीला ११२, ॲम्ब्युलन्सला १०८ आणि पुरात जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. फोनवर गल्ली, जवळची ठळक खूण, काय पेटलंय, आत कोण अडकलंय का आणि गॅसचा सिलेंडर आहे का एवढं सांगायचं, आणि कंट्रोल रूमनं ठेवा म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.