सुपररेडियन्स: अणूंना रांगेत बसवायला साठ वर्षं का लागली

सुपररेडियन्स म्हणजे पुष्कळ अणूंनी मिळून एकदम प्रकाश सोडणं. त्यासाठी वापरतात ते वेव्हगाईड (प्रकाशाला ठरावीक वाटेने नेणारी रचना), क्वांटम डॉट (अणूसारखा वागणारा सेमीकंडक्टरचा सूक्ष्म कण) वगैरे आत्ताचं सगळं असलं तरी मूळ कल्पना 1954 ची आहे, प्रिन्स्टनच्या रॉबर्ट डिकीची (हो तोच, ज्याच्या हातून बिग बँगच्या उरलेल्या रेडिएशनचा शोध थोडक्यात निसटला). एकटा उत्तेजित अणू आपल्या मर्जीने कधीतरी फोटॉन सोडतो. पण पुष्कळ अणू एका वेव्हलेंथपेक्षाही कमी जागेत असले की प्रकाशाच्या दृष्टीने ते वेगळे राहतच नाहीत, मग सगळे मिळून एकदम चमकतात, म्हणजे अणू दहापट केले तर झोताची कमाल तीव्रता शंभरपट आणि झोत दहापट आखूड. याच्या उलटही होतं, फेज (लाटेचा चढ-उतार कुठल्या टप्प्यावर आहे ते) विरुद्ध जुळल्या की प्रकाश आतच अडकून पडतो, ते सबरेडियन्स.

कागदावर भारी, पण खरी गोची अशी की अणू इतके जवळ आणले की शेजाऱ्याच्या डायपोलमुळे (म्हणजे त्याच्या हलत्या विद्युतभारामुळे) प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी थोडी थोडी सरकते आणि ताळमेळच बिघडतो. म्हणून 1973 मध्ये एमआयटीत हा परिणाम पहिल्यांदा नीट दिसला तो हायड्रोजन फ्लोराइड वायूत, फार-इन्फ्रारेड पट्ट्यात, जिथे वेव्हलेंथच मोठी असते. पण वायूत कुठला अणू कुठे आहे यावर कसला कंट्रोल!

वेव्हगाईडने अंतराची अटच काढून टाकली. प्रकाश चहूकडे पसरण्याऐवजी एकाच वाटेने जायला लागला की लांबच्या अणूपर्यंतही तो फारसा न विरता पोचतो, मग जवळ असण्यापेक्षा फेज जुळणं महत्त्वाचं. 2010 मध्ये माइन्झला राउशेनबॉयटेल यांच्या ग्रुपने साधारण 500 नॅनोमीटर जाडीच्या काचेच्या फायबरलगत (हाही वेव्हगाईडच) सीझियमचे अणू रांगेत पकडून ठेवले, 2013 ला झुरिकच्या ईटीएचमध्ये सुपरकंडक्टिंग सर्किटचे दोन कृत्रिम अणू मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या एका लाइनवर जोडून सुपररेडियन्स दाखवला, 2015 ला कॅलटेकमध्ये फोटॉनिक क्रिस्टल वेव्हगाईडवर (ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारी नक्षी कोरलेला वेव्हगाईड) तेच झालं, आणि 2017 मध्ये मेरीलँडच्या लोकांनी तर फायबरवर एकमेकांपासून शेकडो वेव्हलेंथ दूर असलेल्या रुबिडियम अणूंच्या दोन ढगांमध्ये सुपररेडियन्स मोजला, माझ्या मते खरी कलाटणी हीच.

क्वांटम डॉटला वेळ लागला कारण कुठलेही दोन डॉट सारखे निघत नाहीत, प्रत्येकाचा रंग जरा वेगळा, तो ट्यून करून जुळवावा लागतो. 2023 मध्ये कोपनहेगनला चिपवरच्या दोन डॉटमध्ये सुपर आणि सब दोन्ही प्रकार दिसले. दोनच डॉट, हो, आणि आता खटपट आणखी डॉट त्याच रंगात कसे आणायचे याची चालू आहे.