डर्कसन बिल्डिंग हे नाव कुणाचं?

वॉशिंग्टनच्या बातम्या नियमित वाचणाऱ्यांच्या नजरेखालून एक पत्ता हमखास जातो: डर्कसन बिल्डिंग, खोली 419. अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीच्या सुनावण्या तिथे चालतात. 1972 पासून या इमारतीला ज्यांचं नाव आहे ते एव्हरेट मॅकिन्ली डर्कसन इलिनॉयचे रिपब्लिकन सिनेटर होते, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह. सरकारी खर्चाला लगाम हवा, राज्यांच्या कारभारात केंद्राची ढवळाढवळ नको, कम्युनिझमशी तडजोड नको, ही त्यांची भूमिका. तरीही वर्णावरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारा 1964 चा नागरी हक्क कायदा त्यांच्याशिवाय सिनेटमधून बाहेर पडला नसता, असं माझं ठाम मत आहे.

डर्कसन यांचा जन्म 4 जानेवारी 1896 चा, इलिनॉयमधल्या पेकिन गावातला. आईवडील जर्मनीतून आलेले. घरात रिपब्लिकन पक्षाचं वेड इतकं, की तिन्ही मुलांच्या नावात एकेक पुढारी आहे: थोरला बेंजामिन हॅरिसन, आणि जुळ्यांपैकी एक थॉमस रीड, दुसरा मॅकिन्ली. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि एव्हरेट नऊ वर्षांचे असताना ते गेले. आईने जमिनीच्या तुकड्यावर भाजीपाला पिकवून संसार ओढला. दूध आणि भाजी घरोघर पोचवायचं काम मुलांकडे. मातीची ही ओढ त्यांना जन्मभर पुरली. सिनेटर झाल्यावर झेंडूला अमेरिकेचं राष्ट्रीय फूल करा, असा ठराव ते पुन्हा पुन्हा मांडत राहिले. आपण दसऱ्याला ज्याची तोरणं बांधतो तो झेंडू मूळचा अमेरिका खंडातलाच, तेव्हा मागणी अगदीच वावगी नव्हती.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये होते. बलूनच्या टोपलीतून शत्रूच्या हालचाली टिपायच्या आणि तोफखान्याला कळवायच्या, हे काम. परतल्यावर भावांबरोबर बेकरी चालवली, गावातल्या नाटकांत कामं केली. पत्नी लुएला भेटल्या त्याही अशाच एका कार्यक्रमामुळे. खर्जातला, संथ, शब्द घोळवत जाणारा त्यांचा आवाज पुढे देशभर ओळखला गेला. 1968 मध्ये एका ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांना ग्रॅमीही मिळालं.

1930 मध्ये पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच हरले. 1932 मध्ये देशभर रूझवेल्टची लाट असताना हा रिपब्लिकन प्रतिनिधिगृहात पोचला. तिथे सोळा वर्षं काढली. अमेरिकेने युरोपच्या युद्धापासून लांब राहावं असं म्हणणाऱ्या डर्कसननी सप्टेंबर 1941 मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरच्या आधीच, रूझवेल्टच्या परराष्ट्र धोरणाला पाठिंबा दिला. डोळ्यांच्या आजारामुळे 1948 ची निवडणूक सोडली. डॉक्टर एक डोळा काढायला सांगत होते, ते ऐकलं नाही. दृष्टी बरीचशी परत आली. 1950 मध्ये थेट सिनेटमधले बहुमताचे नेते स्कॉट लुकास यांनाच पाडून ते सिनेटमध्ये आले.

या काळातली एक गोष्ट मात्र झाकू नये. 1954 मध्ये सिनेटने जोसेफ मॅकार्थी यांच्यावर, म्हणजे दिसेल त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचे बेछूट आरोप करणाऱ्या सिनेटरवर, ठपका ठेवला तेव्हा डर्कसननी मॅकार्थींच्या बाजूने मत दिलं. ती चूक होती, आणि मैत्रीच्या सबबीने ती लहान होत नाही.

1959 पासून ते सिनेटमध्ये अल्पमताचे नेते. 1964 चं गणित असं होतं: शंभरांत 67 डेमोक्रॅट, 33 रिपब्लिकन. पण दक्षिणेतले डेमोक्रॅट नागरी हक्क विधेयकाचे कट्टर विरोधक, आणि त्यांच्या हातात फिलिबस्टर हे हत्यार: भाषणं लांबवत राहायची आणि मतदान होऊच द्यायचं नाही. ते मोडायला दोन तृतीयांश मतं, म्हणजे सगळे हजर असतील तर 67. वीसहून जास्त रिपब्लिकन फुटल्याशिवाय हे जमणारं नव्हतं, आणि त्यांची किल्ली डर्कसनकडे.

डर्कसनचा आक्षेप समानतेला नव्हता, केंद्राच्या अधिकाराला होता. इलिनॉयमध्ये नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध राज्याचा कायदा होता. मग वर आणखी केंद्राचा बडगा कशाला, हा त्यांचा सवाल. त्यांच्या कार्यालयात काही आठवडे न्याय खात्याचे अधिकारी आणि डेमोक्रॅट ह्यूबर्ट हम्फ्री यांच्याबरोबर कलमामागून कलम घासलं गेलं. राज्याची यंत्रणा असेल तर तक्रार आधी तिच्याकडे जाईल. भेदभाव ही रीतच पडलेली दिसली, तर सरकार स्वतः कोर्टात जाईल. 26 मे रोजी सुधारित मसुदा आला. विधेयकाचा गाभा शाबूत राहिला आणि कुंपणावरच्या रिपब्लिकनांना होकार देता येईल अशी वाट तयार झाली. मला डर्कसन मोठे वाटतात ते या चिकाटीच्या कामासाठी.

10 जूनच्या सकाळी वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट सिनेटर रॉबर्ट बर्ड यांचं विरोधातलं भाषण 14 तास 13 मिनिटांनी संपलं. मतदानाआधी डर्कसन बोलले आणि व्हिक्टर ह्यूगोचा हवाला दिला: जिची वेळ आली आहे ती कल्पना सगळ्या सैन्यांहून बलवान असते. (याच ह्यूगोचा हाच विचार 24 जुलै 1991 रोजी मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणाच्या शेवटी आपल्या संसदेत मांडला.) मेंदूच्या गाठीमुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल चाकाच्या खुर्चीतून आले होते. नाव पुकारल्यावर त्यांनी बोटाने डोळ्याकडे खूण केली. इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार एकच. 71 विरुद्ध 29. रिपब्लिकनांपैकी 27 बाजूने. नागरी हक्कांच्या विधेयकावरचा फिलिबस्टर सिनेटने मतदानाने मोडल्याची ही पहिलीच वेळ. 2 जुलैला अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली.

त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी बॅरी गोल्डवॉटर यांचं नाव सुचवायला डर्कसनच उभे राहिले. गोल्डवॉटर यांनी कायद्याविरुद्ध मत दिलं होतं, पण पक्ष तो पक्ष. पुढच्या वर्षी मतदान हक्क विधेयक त्यांनी डेमोक्रॅट नेते माइक मॅन्सफील्ड यांच्याबरोबर मांडलं. दुसरीकडे, राज्यांच्या विधिमंडळात लोकसंख्येनुसारच मतदारसंघ आखा, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल घटनादुरुस्तीने फिरवायचा त्यांनी आटोकाट प्रयत्न केला. 1965 आणि 1966, दोन्ही वेळा बहुमत मिळालं, दोन तृतीयांश मिळाली नाहीत. सरकारी शाळांत प्रार्थनेला मुभा देणाऱ्या घटनादुरुस्तीचंही 1966 मध्ये तेच झालं.

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर 7 सप्टेंबर 1969 रोजी ते गेले. पार्थिव कॅपिटॉलच्या घुमटाखाली अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. 1986 मध्ये राष्ट्रीय फुलाचा मान गुलाबाला मिळाला. पेकिनमध्ये मात्र डर्कसनच्या आठवणीत सप्टेंबरात झेंडूचा उत्सव भरू लागला.