सॅन स्विच व्यवस्थापन सॉफ्टवेअर

सर्व्हर आणि सामायिक डिस्क-साठा यांना जोडणाऱ्या स्टोरेज एरिया नेटवर्कमधील, म्हणजेच सॅनमधील, स्विचांची (डेटा योग्य पोर्टकडे वळवणाऱ्या यंत्रांची) मांडणी, देखरेख आणि त्यांच्यातील प्रवेशाचे नियम सांभाळणारे सॉफ्टवेअर. असे बहुतेक जाळे फायबर चॅनेल या तंत्रावर चालते. त्याचे पहिले मानक १९९४ साली आले. तेव्हा सेकंदाला १ गिगाबिटच्या आसपास असलेला वेग आता ६४ गिगाबिट आणि त्याही पुढे गेला आहे. बँका, शेअर बाजार, रुग्णालये, दूरसंचार कंपन्या यांचे मुख्य डेटाबेस अजूनही मोठ्या प्रमाणात याच जाळ्यावर आहेत.

ऑफिसच्या साध्या नेटवर्कपेक्षा इथली जबाबदारी वेगळी आहे. वेबपान उघडायला चार सेकंद उशीर झाला तर माणूस पुन्हा क्लिक करतो. सॅनमधली डिस्क मात्र सर्व्हरला स्वतःच्या पोटातली डिस्क वाटते. ती काही वेळ उत्तर देईनाशी झाली की फाइल सिस्टीम केवळ वाचण्यापुरती उरते किंवा डेटाबेस बंद पडतो. म्हणून मोठ्या ठिकाणी ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन पूर्ण वेगळी जाळी बांधतात. प्रत्येक सर्व्हरची एक तार एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे जाते. बदल आधी एका बाजूला करायचा, सर्व्हरचे सगळे मार्ग परत आले का ते पाहायचे आणि मगच दुसऱ्या बाजूला हात लावायचा, हा या कामाचा पहिला धडा.

एकमेकांना जोडलेल्या स्विचांच्या समूहाला फॅब्रिक म्हणतात. फॅब्रिक स्वतःचा बराच कारभार स्वतःच पाहते. स्विच आपापसांत एक मुख्य स्विच निवडतात, प्रत्येकाला १ ते २३९ मधला डोमेन क्रमांक मिळतो, आणि जोडलेल्या उपकरणांची नावनोंदणी स्विचमध्येच राहते. त्यामुळे व्यवस्थापनाचा सर्व्हर बंद पडला तरी डेटाची वाहतूक थांबत नाही. सॉफ्टवेअर ही फॅब्रिककडे पाहण्याची खिडकी आहे आणि त्याला आज्ञा देण्याची जागा.

त्यातली सर्वांत महत्त्वाची आज्ञा झोनिंगची, म्हणजे कोणते उपकरण कोणाला पाहू शकेल हे ठरवण्याची. प्रत्येक पोर्टला जन्मतःच ६४ बिटांचे एक जागतिक नाव असते, ज्याला डब्ल्यूडब्ल्यूएन म्हणतात. ते दोन-दोन अंकांच्या आठ जोड्यांत लिहितात. रोज हे काम करणाऱ्याला नावाच्या सुरुवातीवरूनच उत्पादक ओळखू येतो. ५०:०६:०१:६० अशी सुरुवात दिसली की समोर ईएमसी या कंपनीचा साठा आहे हे तो न विचारता सांगतो. पण सोळा अंक लक्षात ठेवणे कुणालाच जमत नाही, म्हणून आधी त्या नावाला एलियास, म्हणजे वाचता येईल असे टोपणनाव देतात. एलियास एकत्र करून झोन बनतो, आणि झोन मिळून झोनसेट. ब्रोकेड या स्विच-उत्पादक कंपनीच्या भाषेत झोनसेटलाच कॉन्फिग म्हणतात. एका झोनमध्ये सर्व्हरचा एकच पोर्ट ठेवावा, ही शिस्त पाळणे फायद्याचे आहे. तसे केले की एक सर्व्हर चालू-बंद झाल्याची सूचना दुसऱ्या सर्व्हरला नाहक जात नाही.

झोन तयार करणे निरुपद्रवी असते. जोखीम असते ती झोनसेट लागू करण्यात, कारण नवा संच जुन्याची जागा घेतो. ब्रोकेडमध्ये एखाद्याने नवा कॉन्फिग बनवून त्यात फक्त नवा झोन घातला आणि तोच लागू केला, तर आधीच्या सगळ्या सर्व्हरांचा साठा एका क्षणात दिसेनासा होतो. झोन चालू कॉन्फिगमध्ये जोडायला हवा होता. सिस्को या दुसऱ्या उत्पादकाच्या एमडीएस स्विचांत सापळा आणखी सूक्ष्म आहे. तिथे मूळ मांडणीत फक्त लागू असलेला झोनसेट सर्व स्विचांवर पसरतो, स्विचवर साठवलेल्या सगळ्या झोनांचा पूर्ण संग्रह नाही. गेल्या महिन्यात एका स्विचवरून केलेली भर दुसऱ्या स्विचच्या संग्रहात नसते. आज त्या दुसऱ्या स्विचवरून झोनसेट लागू केला की महिन्याभराचे झोन गळून पडतात. पूर्ण संग्रह पसरवण्याची सोय चालू करणे किंवा संपूर्ण फॅब्रिकला बदलापुरते कुलूप लावणारी वर्धित झोनिंग पद्धत वापरणे, हे यावरचे उपाय. चांगले सॉफ्टवेअर ओळखायची खूण माझ्या मते हीच आहे: लागू करण्याआधी कोणते झोन वाढणार आणि कोणते जाणार, हे ते समोर मांडते. रंगीत नकाशे त्यानंतर.

दुसऱ्या जागेवरून काढून आणलेला जुना स्विच जोडतानाही हाच प्रश्न येतो. त्याच्या पोटात जुने झोनिंग शिल्लक असते. एकाच नावाचा झोन दोन्हीकडे असून आतले सदस्य वेगळे असतील, किंवा डोमेन क्रमांक एकच असेल, तर दोन फॅब्रिक जुळत नाहीत. मधली जोडणी विभक्त राहते. म्हणून जुना स्विच आधी कोरा करून घ्यावा.

या क्षेत्रात उत्पादकांची संख्या आटत गेली. १९९५ साली स्थापन झालेल्या ब्रोकेडने २००७ मध्ये प्रतिस्पर्धी मॅकडेटाला विकत घेतले, आणि २०१७ मध्ये ब्रोकेड स्वतः ब्रॉडकॉमकडे गेली. सिस्को २००२ मध्ये एमडीएस ९००० मालिका घेऊन आली. व्यवस्थापनासाठी ब्रोकेडकडे वेब टूल्स, नेटवर्क अ‍ॅडव्हायझर आणि आता सॅननॅव्ह. सिस्कोकडे फॅब्रिक मॅनेजर, मग डेटा सेंटर नेटवर्क मॅनेजर, आणि आता नेक्सस डॅशबोर्ड. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एका पडद्यावर यावीत म्हणून एसएनआयए या साठा-उद्योगाच्या संस्थेने एसएमआय-एस हे मानक काढले. आज नवे काम मात्र बहुधा रेस्ट एपीआय (प्रोग्रामने थेट आज्ञा देण्याची सोय) आणि स्क्रिप्टवर होते. तरीही रात्रीच्या चेंज विंडोत, म्हणजे बदलांसाठी राखलेल्या वेळेत, अनेक अभियंते आज्ञा टंकलिखित करणेच पसंत करतात, कारण काय केले त्याची ओळ न् ओळ नंतर वाचता येते.

देखरेखीत सर्वांत चकवणारा दोष म्हणजे संथ उपकरण. फायबर चॅनेलमध्ये पाठवणाऱ्याकडे ठरावीक क्रेडिट, म्हणजे पाठवण्याचे परवाने, असतात. एक फ्रेम, म्हणजे डेटाचा एक तुकडा, पाठवली की एक क्रेडिट कमी होते, आणि समोरच्याने बफर रिकामा केल्याचे कळवले की ते परत मिळते. एखादा सर्व्हर फ्रेम उचलायला मंद झाला की स्विचकडची क्रेडिट शून्यावर येतात आणि फ्रेम मागे तुंबतात. तुंबारा स्विच-स्विचमधल्या जोडणीपर्यंत पोचला की ज्यांचा काहीच संबंध नाही असे सर्व्हरही रखडतात. अशा वेळी तक्रार एकाची येते आणि दोष दुसऱ्याच पोर्टवर असतो. लिंक चालू, दिवे हिरवे, चुकांची एकही नोंद नाही. ब्रोकेडच्या स्विचमध्ये शून्य क्रेडिटचा एक मोजक असतो. पाठवायला फ्रेम आहे पण क्रेडिट नाही, अशा स्थितीत तो दर अडीच मायक्रोसेकंदाला एकाने वाढतो. त्याचा एकूण आकडा फारसे सांगत नाही. दोन वेळच्या आकड्यांतला फरक पाहावा लागतो, आणि तो सतत साठवून ठेवणे हे व्यवस्थापन सॉफ्टवेअरचेच काम. त्याउलट सीआरसीच्या चुका, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेम, वाढत असतील तर बहुधा तार वाकलेली, कनेक्टरवर धूळ किंवा एसएफपी (पोर्टमधला प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग) थकलेला असतो. तिथे प्रकाशाची ताकद पाहून कनेक्टर पुसला किंवा खराब भाग बदलला की काम होते.

नव्या पिढीच्या स्विचांत फॅब्रिक स्वतःच ही कोंडी ओळखून सर्व्हरला तशी सूचना धाडते, आणि सर्व्हरचा मल्टिपाथ ड्रायव्हर, म्हणजे साठ्याकडे जाणारे अनेक मार्ग सांभाळणारा प्रोग्राम, त्या मार्गावरचा भार दुसऱ्या मार्गावर वळवतो.