चुंबकत्वाचे कृतीतून शिक्षण

चुंबकाचे गुणधर्म मुलांना व्याख्येऐवजी हाताळणीतून उमगावेत, यासाठी योजलेली अध्यापनपद्धत.

सुरुवात बहुधा वर्गीकरणाने होते. टाचणी, खिळा, तांब्याची तार, पितळी किल्ली, खोडरबर यांपैकी चुंबकाला काय चिकटेल, हे मुलांनी आधी सांगायचे आणि मग पडताळायचे. हा क्रम उलटला की कृतीतले निम्मे शिक्षण वाया जाते. ‘सगळे धातू चिकटतात’ हा समज तांब्या-पितळेपाशी मोडतो. स्टेनलेस स्टीलचे चमचे मात्र मोठ्यांनाही चकवतात. काही चिकटतात, काही नाही. न चिकटणाऱ्या प्रकारांत बहुधा निकेल जास्त असते, आणि शुद्ध निकेल तर चुंबकाकडे ओढले जाते! फरक स्फटिकरचनेचा, म्हणजे आतल्या अणूंच्या मांडणीचा असतो.

सर्वांत कसदार कृती दोन कांड्यांची. दिसायला सारख्याच, एक पट्टीचुंबक आणि दुसरी साध्या लोखंडाची. तिसरी कोणतीही वस्तू न वापरता चुंबक ओळखायचा. टोकाला टोक लावून काहीच कळत नाही, कारण दोन्ही एकमेकींना ओढतात. एकीचे टोक दुसरीच्या मध्यावर टेकवले आणि ओढ जोरदार जाणवली, तर जिचे टोक टेकवले ती कांडी चुंबक. जेमतेम जाणवली, तर दुसरी. बल ध्रुवांपाशी, म्हणजे टोकांपाशी एकवटते आणि मध्यावर ते क्षीण असते, हे असे बोटांनाच कळते. आकर्षण लोखंडही दाखवते, त्यामुळे दोन चुंबकांची खरी कसोटी प्रतिकर्षण हीच.

शिवणाची सुई चुंबकाच्या एकाच ध्रुवाने, एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासली की ती चुंबक बनते. परतताना चुंबक उचलून घ्यावा लागतो. पुढेमागे घासणारी मुले इथेच फसतात. बुचाच्या चकतीवर ठेवून पाण्यात सोडल्यास सुई उत्तर-दक्षिण स्थिरावते. पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे, हे इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये मांडले, तेही गोल चुंबकदगडावर छोटी चुंबकसूची फिरवून. गोल चुंबक आणि लहान होकायंत्र घेऊन हा प्रयोग वर्गात करता येतो.

लोहकीस कागदावर भुरभुरून खालून चुंबक धरला आणि कागदाला टिचकी मारली की बलरेषांचा आकृतिबंध उमटतो. कीस थेट चुंबकाला लागू देऊ नये; तो निघता निघत नाही.

छोटे, अतिशय शक्तिशाली निओडिमियम चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. एकाहून अधिक गिळले गेल्यास ते आतड्याच्या भिंतींआरपार एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला छिद्र पडू शकते. अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.