आठ कंगोऱ्यांचा बिनकाट्याचा निवडुंग

अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास हौशी मंडळींच्या गच्चीवर बऱ्यापैकी दिसतो. त्याच्या मूळ मुलखात मात्र तो ओणवं होऊन शोधावा लागतो. टेक्सासच्या दक्षिण टोकाचा स्टार परगणा आणि सीमेपलीकडचा ईशान्य मेक्सिको, एवढंच त्याचं घर. अमेरिकेने १९९३ साली त्याला संकटग्रस्त प्रजातींत घातलं. वन्य जीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइटीस करारातही तो सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे.

दिसायला हा निवडुंग उपड्या ठेवलेल्या खोबऱ्याच्या वाटीसारखा, फक्त जास्त चपटा. व्यास फार तर १५ सेंटिमीटर. कंगोरे बहुधा आठ, त्यांच्यामधल्या खाचा सरळ, आणि प्रत्येक कंगोऱ्याच्या मधोमध कापसासारख्या गोंड्यांची एक ओळ. वाढलेल्या झाडाला काटा एकही नाही. अंगावर पांढरे ठिपके असतात. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपका म्हणजे बारीक केसांचा झुबका असल्याचं कळतं. फूल पिवळं, तळाशी केशरी-लाल. कोरड्या दिवसांत अंगातलं पाणी कमी झालं की झाड आक्रसून जमिनीच्या पातळीला येतं, वर माती बसते आणि ते जवळजवळ दिसेनासं होतं.

ओळखीचा खरा घोळ होतो तो पेयोटेमुळे. त्याच भागात वाढणारा हा निवडुंगही लहान, चपटा आणि बिनकाट्याचा. त्यात मेस्कलीन हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य असतं आणि नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या धर्मविधींसाठी तो टेक्सासमध्ये परवानाधारक लोक गोळा करतात. त्या तोडणीत आपला अ‍ॅस्टेरियासही चुकून कापला जातो. खरं तर फरक सोपा आहे: पेयोटे निळसर हिरवा, त्याच्या अंगावर पांढरे ठिपके नाहीत, फूल फिकट गुलाबी. पण फुलं नसताना, धुळीने माखलेल्या झुडपाखाली, घाईत हे कोण बघतो?

झुडपाचा उल्लेख सहज केलेला नाही. हा निवडुंग काटेरी झुडपांच्या विरळ सावलीत वाढतो. ‘निवडुंग आहे, टाका उन्हात’ हा आपल्याकडचा आवडता सल्ला त्याला भोवतो: एप्रिल-मेच्या उन्हात अंग भाजून तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. हिरव्या जाळीखाली तो खुश असतो. मातीत खडी आणि जाड वाळू भरपूर, कोकोपीट शक्यतो नकोच. आपल्या पावसाळ्यात वर छप्पर हवं, कारण ओल धरून बसली की मुळं कुजतात. हिवाळ्यात पाणी जवळजवळ बंद.

बियांपासून वाढवणं मात्र मजेचं काम आहे. बी तपकिरी, चकचकीत, टोपीच्या आकाराचं. निवडुंगांच्या मानाने बरंच मोठं. ताजं असेल तर उबेत काही दिवसांतच उगवतं. सुरुवातीला नुसता हिरवा मणी दिसतो, ठिपके नंतर उमटतात. बी धरायला दोन वेगळी झाडं लागतात, कारण स्वतःच्याच परागांनी या फुलाला फळ धरत नाही. मूळ मुलखात हे काम एक प्रकारची एकांडी मधमाशी करते, गच्चीवर आपण बारीक ब्रश फिरवायचा.

इथेच दुसरा घोळ सुरू होतो. अ‍ॅस्ट्रोफायटमच्या जाती आपसांत सहज संकर करतात. अ‍ॅस्टेरियास म्हणून घेतलेलं रोप पुढे उंच होऊ लागलं, कंगोरे धारदार झाले किंवा कापसातून वाकडे काटे निघाले, तर आईबापांत दुसरी जात आहे असं समजावं. दाट ठिपक्यांचा जपानी ‘सुपर काबुतो’ सुंदर दिसतो, पण तो माणसाने निवडत निवडत वाढवलेला वाण आहे. मूळ जंगली रूपच हवं असेल, तर बी विकणाऱ्याकडे मातृझाडांच्या मूळ ठिकाणाची नोंद मागावी. आणि परदेशातून रोप मागवत असाल तर पैसे देण्याआधी साइटीसची कागदपत्रं बघावीत.