लॅबमधली सायकल: रिपोर्टमधले आकडे आले कुठून?

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटरची ही शर्यत भारतीय संघाने पूर्ण करण्याची ती पहिलीच वेळ. आज पहाटे त्र्यंबक रोडला भेटणाऱ्या ब्रेव्हेवाल्यांच्या (ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) गप्पांत वॉट, लॅक्टेट (जोराच्या कामात स्नायूंत बनून रक्तात उतरणारा पदार्थ), व्हीओटू मॅक्स (शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) हे शब्द सर्रास येतात. काही जण लॅबमध्ये टेस्ट करून रिपोर्टही घेऊन येतात. एका पानावर शेजारीशेजारी छापलेले त्यातले आकडे मात्र वेगवेगळ्या दशकांतले, वेगवेगळ्या यंत्रांतून आणि वेगवेगळ्या गरजांतून आलेले आहेत. ते एकाच मापाने वाचले की घोटाळा होतो.

सगळ्यात जुना भाग श्वास मोजण्याचा. ऑक्सफर्डच्या सी. जी. डग्लस यांनी १९११ साली रबर लावलेल्या कापडाची पिशवी वापरात आणली. तोंडात झडपेचा मुखपट्टा, नाकाला चिमटा, आणि बाहेर टाकलेला सगळा श्वास पिशवीत. मग त्यातला नमुना हाल्डेन यांच्या उपकरणात घ्यायचा. पोटॅशच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, पायरोगॅलॉलमध्ये ऑक्सिजन, आणि प्रत्येक वेळी घटलेलं आकारमान वाचायचं. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के, हे माहीत असतं. बाहेरच्या हवेत किती उरला ते कळलं की वापर निघतो. पद्धत इतकी पक्की की नवी यंत्रं आजही तिच्याशी ताडून पाहतात. अडचणी दोन. तयारीचा सायकलपटू जोरात असताना मिनिटाला १२० लिटर हवा फेकतो, म्हणजे १०० लिटरची पिशवी ५० सेकंदांत भरते. आणि पिशवी तशीच ठेवली तर कार्बन डायऑक्साइड रबरातून हळूहळू निसटतो, त्यामुळे विश्लेषण लगेच करावं लागतं.

श्वास मोजता आला, पण काम किती झालं हेही कळायला हवं. कोपनहेगनच्या आउगुस्ट क्रोग यांनी १९१३ साली विद्युतचुंबकाचा ब्रेक असलेलं सायकल अर्गोमीटर मांडलं. तांब्याची चकती चुंबकांमधून फिरते, तिच्यात प्रवाह निर्माण होतो आणि तोच तिला रोखतो. घासणारं काहीच नसल्यामुळे भार तासन्‌तास स्थिर राहतो. धावणाऱ्या माणसाचं काम वॉटमध्ये सांगणं कठीण. सायकलवर ते थेट मिळतं. दमश्वासाच्या अभ्यासात सायकल इतकी लवकर शिरली ती याच कारणाने, खेळाडूंच्या सोयीसाठी नव्हे.

गंमत अशी की व्हीओटू मॅक्सची कल्पना मात्र धावण्यातून आली. ए. व्ही. हिल आणि हार्टली ल्युप्टन यांनी १९२३ साली मांडलं की वेग वाढवत नेला तरी एका टप्प्यानंतर ऑक्सिजनचा वापर वाढत नाही. ‘वाढत नाही’ म्हणजे नेमकं किती, हे १९५५ साली टेलर, बस्कर्क आणि हेन्शेल यांनी ठरवलं: पुढच्या पायरीला वाढ मिनिटाला १५० मिलीलिटरपेक्षा कमी असेल तर ती सपाटी. तो निकष ट्रेडमिलवरच्या टेस्टमधून आलेला आहे. सायकलवर मांड्या आधी जातात, सपाटी अनेकांना दिसतच नाही, आणि सायकलची सवय नसलेल्या माणसाचा आकडा ट्रेडमिलपेक्षा ५ ते १० टक्के कमी येतो. म्हणून धावण्याच्या टेस्टचा आणि सायकलच्या टेस्टचा आकडा एका तक्त्यात बसवू नये.

खरा प्रसार झाला तो स्टॉकहोममुळे. १९५४ साली फॉन ड्योबेल्न यांनी पट्ट्याच्या घर्षणावर चालणारं साधं अर्गोमीटर मांडलं, आणि ‘मोनार्क’ची यंत्रं जगभर गेली ती त्याच धर्तीची. पेडलच्या एका फेऱ्यात चाकाची कडा ६ मीटर सरकते. मिनिटाला ५० फेरे म्हणजे ३०० मीटर. पट्ट्यावर १ किलोपाँडचा (एक किलो वजनाइतका) ताण असेल तर काम ३०० किलोपाँडमीटर, म्हणजे जवळजवळ ५० वॉट. वीज लागत नाही, हिशेब तोंडी होतो. फक्त मेट्रोनोम १०० वर लावून प्रत्येक ठोक्याला एक पाय खाली यायला हवा. ५० ऐवजी ५५ फेरे मारले की भार गुपचूप १० टक्के वाढतो. पट्टा तापला की ताणही बदलतो, म्हणून लोलकाच्या काट्याकडे दर मिनिटाला पाहायचं. चाचणीआधी माहीत असलेलं वजन टांगून काटा जागेवर येतो का ते तपासायचं. हे न करता घेतलेल्या टेस्टवर बोलण्यातही अर्थ नाही.

त्याच वर्षी पेर-ओलोफ ओस्ट्रांड आणि इर्मा रिमिंग यांनी नोमोग्राम दिला. सहा मिनिटं एकाच भारावर पेडल मारायचं, पाचव्या आणि सहाव्या मिनिटाच्या हार्ट रेटची सरासरी घ्यायची (दोन्हींत ५ ठोक्यांहून जास्त फरक असेल तर आणखी एक मिनिट), आणि तक्त्यावरून व्हीओटू मॅक्सचा अंदाज काढायचा. दम लागेपर्यंत ताणायची गरज नाही, पिशवीही नाही. पण तक्ता तरुण, तंदुरुस्त माणसांवरून बेतलेला होता, म्हणून १९६० मध्ये इर्मा ओस्ट्रांड (याच आधीच्या इर्मा रिमिंग) यांनी वयाचे गुणक जोडले: चाळिशीला ०.८३, पन्नाशीला ०.७५. तरीही अंदाज १०-१५ टक्क्यांनी सहज चुकतो. नाशिकच्या मे महिन्यात पंख्याविना बंद खोलीत घेतला तर उष्णतेने ठोके चढतात आणि माणूस आहे त्याहून कमकुवत ठरतो. दोन कप कडक चहा पिऊन आला तरी ठोक्यांवर भरवसा राहत नाही.

पुढचा टप्पा थ्रेशोल्डचा, म्हणजे ज्या भारापुढे रक्तातलं लॅक्टेट झपाट्याने साठू लागतं त्या उंबरठ्याचा. कार्ल वॉसरमन आणि माल्कम मॅकिलरॉय यांनी १९६४ साली हृदयरोग्यांसाठी ही कल्पना मांडली; रुग्णाला धोक्यापर्यंत न नेता क्षमता कळावी हा हेतू. १९७६ मध्ये जर्मनीत आलोइस माडर आणि सहकाऱ्यांनी रक्तातल्या लॅक्टेटची ४ मिलिमोल ही रेघ दिली, आणि प्रशिक्षकांनी ती डोक्यावर घेतली. आमच्या मते या रेघेने जितकं शिकवलं तितकंच बिघडवलं. ४ ही सरासरी आहे. कोणी ३ वर तासभर टिकत नाही, कोणी ६ वर आरामात टिकतो. शिवाय आकडा पायरीच्या (भार वाढवत नेण्यातल्या एका टप्प्याच्या) लांबीवर हलतो: ३ मिनिटांच्या पायऱ्यांत लॅक्टेट रक्तात यायला वेळच कमी मिळतो, म्हणून थ्रेशोल्ड ८ मिनिटांच्या पायऱ्यांपेक्षा वरच्या वॉटला दिसतो.

नमुना घेताना कानाची पाळी आधी पुसून कोरडी करायची आणि पहिला थेंब टाकून द्यायचा, कारण घामातही लॅक्टेट असतं. आदल्या दिवशी कसाऱ्यापर्यंत जाऊन आलेला, किंवा एकादशीचा उपास धरून आलेला माणूस टेस्टला बसला तर स्नायूंतलं ग्लायकोजन (साखरेचा साठा) कमी असतं, लॅक्टेट कमी बनतं, आलेख उजवीकडे सरकतो आणि रिपोर्ट खोटा सुंदर दिसतो. उपास असेल तर तारीख बदलून घ्यावी.

पिशवीची जागा आता मेटाबॉलिक कार्टने घेतली आहे; प्रत्येक श्वासाचं विश्लेषण लगेच पडद्यावर. रोज ३ लिटरच्या सिरिंजने आकारमान आणि १६ टक्के ऑक्सिजन, ४-५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने वायू जुळवायचे. नाशिकला इथे एक खास खड्डा आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, इथला खरा हवेचा दाब ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपास. मोबाईलवरचं हवामान मात्र समुद्रसपाटीला नेलेला दाब दाखवतं, १,०१० वगैरे. कोणी तोच यंत्रात भरला तर ऑक्सिजनचा आकडा सुमारे ७ टक्के फुगतो, म्हणजे ५० चा ५३.५ होतो. दाब खोलीतल्या बॅरोमीटरवरूनच घ्यावा. मास्क गळत असेल तर उलट होतं. त्याची चाचणी सोपी: ७० किलोच्या माणसाला २०० वॉटला मिनिटाला साधारण २.६ लिटर ऑक्सिजन लागायला हवा. २.१ दिसला तर माणूस अद्भुत नाही, मास्क सैल आहे.

इलेक्ट्रॉनिक अर्गोमीटरवर फेरे कितीही असले तरी वॉट तेच राहतात. सोय आहे, पण शेवटच्या पायऱ्यांत केडन्स (पेडलचे मिनिटाचे फेरे) ६० च्या खाली घसरला की यंत्र तेवढाच जोर वाढवतं, पाय आणखी जड होतात आणि टेस्ट धाडकन संपते. म्हणून स्वतःचे पेडल आणि बूट न्यावेत, सीटची उंची घरच्या सायकलवरून मोजून लावावी, आणि ७० चा केडन्स गेला की थांबायचं हे आधीच ठरवावं.

ब्रेव्हेवाल्यांसाठी सगळ्यात कामाचा निष्कर्ष १९८८ चा. टेक्सासमध्ये एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ सारख्याच व्हीओटू मॅक्सचे सायकलपटू घेतले आणि त्यांना कमाल क्षमतेच्या ८८ टक्क्यांवर चालवलं. थ्रेशोल्ड उंच असलेला गट सरासरी तासभर टिकला, खालचा गट अर्ध्या तासात बसला. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास मिळणाऱ्या प्रकारात रिपोर्टच्या माथ्यावरचा ठळक आकडा त्यामुळे दुय्यमच. आधी थ्रेशोल्डचे वॉट, पायरीची लांबी आणि त्या वेळचे ठोके पाहावेत.

लॅबच्या नेहमीच्या टेस्टमध्ये माणूस ताजा असतो, आणि पाच तासांनंतर तोच थ्रेशोल्ड किती खाली येतो हे तिच्यात दिसत नाही. अलीकडे काही लॅब दोन-तीन तास मध्यम भारावर चालवून मग पायऱ्यांची टेस्ट पुन्हा घेतात. ती करायची असेल तर चालवताना तासाला किती कर्बोदकं आणि किती पाणी घेतलं याची नोंद रिपोर्टमध्ये करून घ्यावी. ती नसेल तर पुढच्या वर्षीच्या टेस्टशी तुलना करता येत नाही.