मूर्तीसाठी फोटो पाठवण्याआधी एवढं वाचा

दारातल्या बैलाची किंवा घरच्या कुत्र्याची हुबेहूब, ग्लेझ (भट्टीत काचेसारखा चकचकीत होणारा लेप) केलेली मातीची मूर्ती करून द्या म्हणून तुम्ही फोटो पाठवता. बहुतेक फोटो उभ्याने, वरून आणि अगदी जवळून काढलेले असतात. त्यात नाक मोठं येतं, पाय आखूड. तसंच घडवलं की घरचेच म्हणतात, "हा आमचा मोती नाही!" मग माती मोडायची, पहिल्यापासून घडवायचं आणि तारीख पुढे ढकलायची.

तेव्हा खाली बसा. मोबाईल जनावराच्या छातीच्या उंचीला धरा, चार पावलं मागे सरका आणि झूम करून चारही बाजूंनी फोटो घ्या. खांद्यापाशी उंची किती तेही टेपने मोजून कळवा. खिलार असेल तर शिंगांचे फोटो वेगळे हवेत. ती मागे जाऊन वर कशी वळतात ते एका फोटोत कळत नाही, आणि खिलाराचा सगळा रुबाब तिथेच असतो.

ओल्या मातीतली मूर्ती आम्ही व्हॉट्सॲपवर दाखवतो. मान वळवणं, कान पाडणं, काय ते तेव्हाच सांगा. माती सुकली की काही हलत नाही.

ग्लेझ लावलेल्या कच्च्या मूर्तीचा फोटो मात्र आता आम्ही पाठवत नाही. ग्लेझमधलं कोबाल्ट ऑक्साइड भट्टीआधी काळं दिसतं, भट्टीतून निळं निघतं. गेरूसारखं दिसणारं लोह मधाळ तपकिरी होतं. उगाच फोन येतात.

"पोटाखाली झाडाचा बुंधा कशाला?" हेही नेहमीचंच. १,२०० अंशांच्या पुढे माती मऊ पडते. धड जड, पाय बारीक, आधार नसेल तर बैल बसतो. जर्मनीत माइसेनच्या कारखान्याने १७३० च्या दशकात ऑगस्टस राजासाठी पोर्सिलेनचे (पांढऱ्या चिनी मातीचे) मोठमोठे प्राणी केले, त्यांनाही भट्टीत तडे गेले. प्लास्टरची मूर्ती स्वस्त मिळते, खरं आहे. ती पावसात ठेवून बघा. आमची अंगणात राहते.

बेंदराला मूर्ती हवी असेल तर फोटो उन्हाळ्यातच पाठवा, पावसाळी हवेत माती लवकर वाळत नाही. जोडी सांगितलीत तर दोन्ही बैल एकाच भट्टीत शेजारी भाजतो, रंग जुळतो.